धमनीच्या भिंतीतला निरोप

1995 साली ‘सायन्स’ साप्ताहिकात आलेल्या एका शोधनिबंधाच्या मथळ्यानेच धमन्यांचा अभ्यास करणारी मंडळी चमकली. व्हरमाँट विद्यापीठाचे मार्क नेल्सन आणि त्यांचे सहकारी सांगत होते, की कॅल्शियमच्या ठिणग्यांनी धमनीचा स्नायू सैल होतो. शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जात होते ते नेमके याच्या उलट. पेशीत कॅल्शियम वाढले की स्नायू आवळतो, उतरले की सैलावतो. तीच पेशी, तेच कॅल्शियम, मग परिणाम उलटा कसा?

नेल्सन यांच्या चमूने मेंदूच्या धमन्यांमधून एकेक स्नायुपेशी सुटी केली होती. कॅल्शियम भेटताच चमकणारा रंग तिच्यात भरून ती लेझरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. पेशीच्या पटलालगत मधूनच एखाद्या ठिकाणी उजेड फुटत होता आणि क्षणार्धात विझत होता. पेशीच्या आत कॅल्शियमचे एक कोठार असते. त्याच्या भिंतीतले काही मार्ग एकदम उघडले की तेवढ्या जागेपुरते कॅल्शियम शंभरेक पट वाढते. पण ही जागा पेशीच्या एक टक्क्याहूनही लहान. अख्ख्या पेशीचा हिशोब मांडला तर वाढ जवळजवळ शून्य. त्या जागेच्या समोरच पटलात पोटॅशियमचे मोठे चॅनल बसलेले असतात. ठिणगी पडली की ते उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, पेशीच्या आतला ऋण विद्युतभार वाढतो आणि बाहेरून कॅल्शियम आत घेणारे चॅनल मिटतात. म्हणून स्नायू सैल.

या निबंधाचे खरे महत्त्व मला रक्तदाबाच्या पलीकडे दिसते. कॅल्शियमबद्दल विचारायचा प्रश्नच त्याने बदलला. तोवर प्रश्न होता ‘किती?’ आता तो झाला ‘कुठे, किती वेळ आणि कोणाच्या सोबतीने?’ पुढच्या दहा-बारा वर्षांत याच प्रश्नाचा पाठपुरावा करताना कळले, की धमनीच्या स्नायूतले कॅल्शियम केवळ त्या क्षणी नळी आवळत किंवा सोडत नाही. पेशीच्या केंद्रकात कोणती जनुके चालू व्हायची आणि कोणती बंद पडायची, म्हणजे ती पेशी उद्या कोण असणार, हेही तेच ठरवते.

‘किती’ या प्रश्नाला जुना इतिहास होता. 1882 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून धडधडत ठेवत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे आहे अशी त्यांची समजूत होती. पुढे खरोखरच्या ऊर्ध्वपातित पाण्यात प्रयोग केला तर हृदय मंदावून थांबले. चौकशीअंती कळले, की आधीचे पाणी लंडनच्या नळाचे होते आणि त्यात कॅल्शियम होते. 1883 साली रिंगर यांनी दुसरा निबंध लिहून ही गोष्ट जशीच्या तशी छापली. त्याच कॉलेजातल्या विल्यम बेलिस यांनी 1902 साली दाखवले, की आतून दाब वाढला तर रक्तवाहिनी नुसती ताणली जात नाही, उलट आवळून त्या दाबाला उत्तर देते. दाब आणि कॅल्शियम या दोन गोष्टींची सांगड लागायला मात्र आणखी बराच काळ जावा लागला. 1947 साली फिलाडेल्फियात ल्युइस हाइलब्रन आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्नायुतंतूच्या आत थेट कॅल्शियम टोचले आणि तंतू आखडला. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांनी तसे घडले नाही. हाइलब्रन कॅल्शियमच्या बाजूने इतक्या आग्रहाने बोलत, की अनेकांना तो अतिरेक वाटे. 1960च्या दशकात टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी कॅल्शियमला धरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन शोधले आणि वाद मिटला. रक्तवाहिनीच्या स्नायूत ट्रोपोनिन हे काम करत नाही. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि ही जोडगोळी आकुंचनाचे विकर जागे करते, हे 1970च्या दशकाअखेर स्पष्ट झाले.

दरम्यान जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांच्या हाती एक उपयोगाची गोष्ट लागली होती. व्हेरापामिलसारखी काही औषधे दिली की हृदयाचा स्नायू कॅल्शियम काढून घेतल्यासारखा वागतो, हे त्यांनी 1960च्या दशकात दाखवले. मग निफेडिपिन आले, पुढे अम्लोडिपिन. आज आपल्याकडे बीपीची गोळी म्हणून घरोघरच्या डब्यात असते ती पुष्कळदा हीच, पाच मिलिग्रॅमची. पेशीत कॅल्शियम आणणारे एल-टाइप चॅनल ती अडवते, धमन्या सैलावतात, दाब उतरतो. इतके सरळ आणि इतके यशस्वी औषध हातात असताना कॅल्शियमच्या आणखी एखाद्या कामाचा शोध घ्यावा असे फार जणांना वाटले नाही, यात नवल नाही.

पण धमनीच्या स्नायुपेशीची एक वागणूक या सरळ चित्रात बसत नव्हती. 1979 साली ज्युली चॅम्ली-कॅम्बेल, गॉर्डन कॅम्बेल आणि रसेल रॉस यांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या या पेशींबद्दलचे सारे ज्ञान एका मोठ्या लेखात एकत्र केले. पेशी धमनीतून काढून बशीत ठेवली की काही दिवसांतच ती आकुंचनाचे काम सोडते. आकुंचनाची प्रथिने कमी होतात, प्रथिने तयार करणारी यंत्रणा वाढते आणि पेशी दुभंगू लागते. हृदयाची पक्व स्नायुपेशी असे करत नाही. धमनीची पेशी मात्र आयुष्यभर हा मार्ग मोकळा ठेवते. जखम भरून काढायला ते उपयोगाचे, पण रोगात घातक. 1977 साली झुरिचला आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी रुंदावली आणि एक नवे युग सुरू झाले. पण स्टेंट येण्यापूर्वी अशा रुंदावलेल्या धमन्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत असे. त्याला एक मोठे कारण होते याच स्नायुपेशींचे वाढणे आणि आतल्या बाजूला सरकणे. पेशीला हा नवा अवतार घ्यायला कोण सांगते?

उत्तराचे धागे धमनीत सापडले नाहीत, ते दोन परक्या घरांतून आले. पहिले घर चेतापेशींचे. 1980च्या दशकाच्या मध्यात मायकेल ग्रीनबर्ग आणि इतरांनी पाहिले, की पेशीत कॅल्शियम शिरले की मिनिटांच्या आत सी-फॉस नावाचे जनुक चालू होते. 1991 साली ग्रीनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने मधली कडी दाखवली. कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन मिळून एका विकराला चेतवतात आणि ते विकर केंद्रकातल्या क्रेब या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारते. शिक्का बसलेला क्रेब जनुके चालू करतो.

दुसरे घर रोगप्रतिकारक पेशींचे. 1969-70च्या सुमारास नॉर्वेतल्या हार्डांगर पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली आणि स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत तिच्यापासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले. त्याच्यामुळे मूत्रपिंड आणि हृदयाची प्रत्यारोपणे टिकू लागली. पण ते काम कसे करते हे बरीच वर्षे कोडे होते. 1991 साली हार्वर्डमधल्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेतून उत्तर आले. सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिन नावाचे विकर निकामी करते. हे विकर कॅल्शियमने जागे होते आणि प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकते. ते कोणाचे फॉस्फेट काढते हे शोधण्यात जन्माने भारतीय असलेल्या अंजना राव यांचा वाटा मोठा. 1993 साली त्यांच्या गटाने दाखवले, की कॅल्सिन्युरिनचे लक्ष्य एनफॅट हे प्रथिन आहे. फॉस्फेट असेपर्यंत एनफॅट केंद्रकाबाहेर अडकून राहते, फॉस्फेट उतरले की आत जाऊन जनुके चालू करते. कॅल्शियम उतरले की पुन्हा फॉस्फेट चढते आणि त्याची बाहेर पाठवणी होते.

याच पेशींमध्ये 1997-98 साली आणखी एक गोष्ट उलगडली. रिकार्डो डोल्मेच आणि रिचर्ड लुईस यांनी पेशींना कॅल्शियम वेगवेगळ्या रीतीने दिले. उंच पण थोडा वेळ, बुटके पण दीर्घकाळ, आणि मग ठरावीक अंतराने हेलकावे देत. एकेका रीतीला वेगळी जनुके उत्तर देत होती. शाळेची घंटा एकच असते, पण एक टोल म्हणजे तास बदलला आणि लांबलचक घणघणाट म्हणजे शाळा सुटली, हे पोरांना कळते. केंद्रकालाही कॅल्शियमची घंटा अशीच कळत होती.

आता हे सगळे धमनीत कोणी तपासायचे? व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला नेल्सन यांच्याकडे ठिणग्या होत्या, आणि शेजारीच केंद्रकापर्यंत पोहोचणाऱ्या निरोपांचा अभ्यास करणाऱ्या कॅरन लाउन्सबरी होत्या. त्यांचे प्रयोग मला मनापासून आवडतात, कारण त्यांनी बशीतल्या पेशींवर विसंबून राहायचे नाकारले. बशीत गेलेली पेशी आपला स्वभाव बदलते हे 1979 पासून माहीतच होते. मग तिच्यावरून धमनीचे निष्कर्ष काढायचे कसे? म्हणून त्यांनी अख्खी धमनी घेतली. मेंदूच्या पृष्ठभागावरची, मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास रुंदीची नळी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने सोडवून काढायची. तिची दोन्ही तोंडे काचेच्या बारीक नळ्यांवर चढवून धाग्याने बांधायची, आत द्रव भरायचा आणि दाब वाढवत न्यायचा. पाऱ्याच्या 60 मिलिमीटर दाबावर धमनी आधी फुगते, मग एक-दोन मिनिटांत स्वतःहून आवळू लागते. बेलिस यांनी 1902 साली सांगितले होते तेच, डोळ्यांसमोर. या वेळी पेशीतले सरासरी कॅल्शियम लिटरला सुमारे 100 नॅनोमोलवरून 200 नॅनोमोलच्या आसपास चढलेले असते. वाढ केवळ दुप्पट, आणि तीही पेशीबाहेरच्या कॅल्शियमच्या हजारो पटींनी खाली. मग धमनी स्थिर करून तिच्यावर प्रतिपिंड सोडायचे, केंद्रकांना एक रंग, ज्या प्रथिनाचा माग काढायचा त्याला दुसरा, आणि एकेक केंद्रक तपासून मोजायचे की प्रथिन आत आहे की बाहेर.

2000 साली या गटाने पहिला निकाल छापला. आजूबाजूचे पोटॅशियम वाढवून पेशीचा विद्युतभार उतरवला, म्हणजे एल-टाइप चॅनल उघडून कॅल्शियम आत आले, तर क्रेबवर फॉस्फेट चढते आणि सी-फॉस चालू होते. कॅल्शियमचे चॅनल औषधाने अडवले तर हा परिणाम ओसरतो. पुढच्याच वर्षी त्यांनी उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांच्या मेंदूच्या धमन्या तपासल्या. तिथे भार आधीच उतरलेला, आत येणारे कॅल्शियम वाढलेले आणि जनुकांची हालचालही वाढलेली. बीपीची गोळी ज्या चॅनलवर बसते, त्याच चॅनलचा निरोप केंद्रकात पोहोचत होता.

मग त्यांनी एनफॅटकडे मोर्चा वळवला आणि तिथे अपेक्षाभंग झाला. पोटॅशियम वाढवून कॅल्शियम कितीही चढवा, एनफॅट केंद्रकात जाईना. कॅल्सिन्युरिन जागे करायला कॅल्शियम पुरेसे होते, तरी नाही. पण यूटीपी हा रेणू दिला, की एनफॅट आत. यूटीपी कोठाराच्या भिंतीतले आयपी-थ्री नावाचे वेगळेच मार्ग उघडतो. 2002 साली मारिया गोमेझ यांच्या नावाने आलेल्या निबंधात हे सारे मांडले आहे, आणि त्यात 1995च्या त्या ठिणग्यांचीही पुन्हा भेट होते. ठिणग्या एनफॅटला आत जाण्यापासून रोखत असाव्यात असे पुरावे त्यांना मिळाले. एकाच कोठारातून दोन वेगळ्या मार्गांनी बाहेर पडलेले कॅल्शियम एनफॅटला दोन विरुद्ध आज्ञा देत होते.

पोटॅशियम का अपुरे पडते, याचे उत्तर वर्षभराने मिळाले. धमनीच्या पेशीत जेएनके-टू हे विकर एनफॅटवर सतत फॉस्फेट चढवून त्याला बाहेर हाकलत असते. आत आणणारा कितीही जोर लावो, हाकलणारा जागा असेपर्यंत आत काही टिकत नाही. यूटीपी कॅल्शियम वाढवतो आणि हाकलणाऱ्यालाही शांत करतो. 2004 साली लॉरा गोन्झालेझ बॉस्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की नुसता दाब वाढवूनही एनफॅट केंद्रकात जाते, पण धमनीच्या आतल्या अस्तरातून येणारा नायट्रिक ऑक्साइड सोबत असेल तरच. म्हणजे स्नायू एकटा निर्णय घेत नाही, शेजारच्या अस्तराचाही त्यात वाटा असतो.

याच सुमारास व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला गॅरी ओवेन्स यांचा गट वेगळ्या टोकावरून तिथेच पोहोचत होता. ओवेन्स यांनी अनेक वर्षे एकच प्रश्न धरून ठेवला होता: स्नायुपेशी स्नायुपेशी म्हणून राहते कशी? 2001 साली डॅलसमध्ये एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत मायोकार्डिन हे प्रथिन सापडले, आणि आकुंचनाची जनुके चालू ठेवण्यात त्याचा मोठा हात आहे हे लवकरच दिसून आले. 2004 साली ब्रायन वॅमहॉफ आणि ओवेन्स यांनी पेशींचा विद्युतभार उतरवून एल-टाइप चॅनलमधून कॅल्शियम आत येऊ दिले. अनेकांना वाटेल, की आता पेशी वाढीच्या मार्गाला लागणार. झाले उलटे. आकुंचनाच्या प्रथिनांची जनुके वाढली, मायोकार्डिनही वाढले. म्हणजे त्याच चॅनलमधून येणारे कॅल्शियम एकीकडे सी-फॉससारखी वाढीशी जोडलेली जनुके हलवते, दुसरीकडे पेशीला आपल्या मूळ कामाला बांधूनही ठेवते. कोणते पारडे जड व्हायचे हे रक्तात त्या वेळी वाढीचे कोणते घटक आहेत, भिंतीला इजा झाली आहे का, यांवर ठरते. माझ्या मते या अख्ख्या इतिहासातला हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत मोलाचा निकाल आहे. स्नायूला काम देत राहणे हे त्याचे स्नायूपण टिकवण्याचे एक साधन ठरते.

सिअ‍ॅटलमध्ये लुइस फर्नांडो सांताना यांनी यातला एक धागा रक्तदाबाच्या रोगापर्यंत नेला. सांताना 1995च्या त्या ठिणग्यांच्या निबंधाचे सहलेखक होते. ठिणगीने उघडणाऱ्या पोटॅशियमच्या चॅनलला बीटा-वन नावाचा एक जोडभाग असतो. तो असला की चॅनल कॅल्शियमला लगेच प्रतिसाद देते. हा भाग नसलेल्या उंदरांचा रक्तदाब चढलेला असतो, हे 2000 सालीच कळले होते. 2007 साली सांताना यांच्या गटाने दाखवले, की अँजिओटेन्सिन-टू या संप्रेरकामुळे एनफॅट चालू झाले की ते बीटा-वनचेच जनुक दाबते. इथे रोगाचे चक्र पूर्ण होते. दाब वाढवणारे संप्रेरक, त्याने वाढलेले कॅल्शियम, त्याने केंद्रकात गेलेले एनफॅट, आणि एनफॅटने कमी केलेली आवर घालणारी प्रथिने. आवर सुटला की कॅल्शियम आणखी वाढते. एनफॅट नसलेल्या उंदरांमध्ये त्याच संप्रेरकाने दाब तेवढा चढला नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे दाब चढलेला राहतो आणि काही त्रास नाही म्हणून गोळी सोडली जाते, त्या काळात भिंतीच्या पेशींमध्ये काय काय बदलत असू शकते, याची कल्पना या प्रयोगांवरून यावी.

अलीकडचा टप्पा जपानमधला. 1953 साली जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेशींच्या पटलावर कुपीच्या आकाराचे खळगे दिसले होते. धमनीच्या स्नायूत ते दाटीने असतात, आणि ते कशासाठी यावर दशकानुदशके वाद होता. 2022 साली नागोया सिटी विद्यापीठाच्या योशिआकी सुझुकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एल-टाइप चॅनल आणि क्रेबपर्यंत निरोप पोहोचवणारी दोन विकरे याच खळग्यांत एकमेकांना बिलगून बसलेली असतात. चॅनलमधून आलेले कॅल्शियम पेशीभर पसरण्याआधीच तिथल्या तिथे विकरांना गाठते. त्यातले एक विकर केंद्रकात जाते, क्रेबवर फॉस्फेट चढवते आणि दाहाशी संबंधित जनुके चालू होतात. उंदरांच्या धमन्यांवर सतत वाढीव दाब राहिला, तेव्हा तिथे भक्षक पेशी गोळा झाल्या आणि स्नायूचा थर जाड झाला. ज्या उंदरांमध्ये खळगे घडवणारे प्रथिन नव्हते किंवा ज्यांच्यात त्या दोनपैकी दुसरे विकर औषधाने रोखले होते, त्यांच्यात हा बदल कमी राहिला. चॅनल मात्र तेच, ज्याला आज अम्लोडिपिन अडवते, आणि खळग्यातला निरोप तेवढा तोडून आकुंचनाचे काम तसेच चालू ठेवणारे औषध करता येईल का, हा प्रश्न आता प्रयोगशाळांच्या टेबलावर आहे.